तिन्ही फ्यूज माझ्या खिशात

दिवाळी आठ दिवसांवर आली की माझ्या मोबाईलवर मेसेज सुरू होतात. मनातला अंधार घालवा. आतला दिवा पेटवा. स्वतःला नव्यानं घडवा. खाली पणतीचं चित्र आणि पाठवणाऱ्याचा हात जोडलेला फोटो. माझं डोकं फिरतं. मी वेल्ह्याच्या बाजूला वीज सबस्टेशनवर ऑपरेटर आहे, दहा वर्षं झाली. मनातल्या दिव्याला वायरमन लागत नाही, म्हणून तो पेटवायचा सल्ला फुकट वाटता येतो. बाहेरच्या दिव्याला लागतो. त्यासाठी लक्ष्मीपूजनाला खांबावर कोण चढतं, हे या मेसेजवाल्यांपैकी एकानंही मला कधी विचारलेलं नाही. मीही आपण होऊन कुणाला सांगितलं नाही. आज लिहायला बसले आहे ती राग आला म्हणून, आणि त्यातला निम्मा राग माझ्यावरच आहे.

शिवराम ओव्हाळ त्यांचं नाव. आम्ही सगळे ओव्हाळ मामा म्हणायचो. बुटका, उन्हानं रापलेला माणूस, भरदार पिंढऱ्या, डोक्यावर कायम ते पिवळं हेल्मेट. दुसरे वायरमन हेल्मेट गाडीच्या आरशाला अडकवून हिंडायचे, साहेब येताना दिसले की डोक्यावर ठेवायचे. मामा चहा प्यायलाही हेल्मेट घालूनच बसायचे. मी एकदा म्हटलं, "मामा, चहाच्या टपरीवर काय पडणार आहे डोक्यावर?" तर म्हणाले, "सवय पडंल, ताई. डोसक्यावर कायतरी हाय ही सवय ऱ्हायली पायजे." वयानं ते माझ्या वडलांच्या बरोबरीचे, पण मला कायम ताई आणि तुमी.

त्यांची कामाची एक पद्धत होती. ती नीट सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. गावाच्या कडेला ट्रान्सफॉर्मर असतो, त्याच्या खाली लोखंडी पेटी असते. तिला सगळे डीपी म्हणतात. त्या पेटीत चिनी मातीचे तीन फ्यूज असतात. ते उपसले की पुढच्या खांबांवरची वीज बंद, मग वायरमन वर चढतो. बाकीचे वायरमन फ्यूज उपसून तिथंच पेटीत ठेवायचे आणि दार लोटून घ्यायचे. मामा फ्यूज स्वतःजवळ ठेवायचे. त्यांच्या खाकी विजारीला उजव्या मांडीवर शेवंता मामींनी जाड कापडाचा मोठा खिसा शिवला होता, त्याला दोन बटणं. तिन्ही फ्यूज त्या खिशात, बटणं लावलेली, आणि मग खांबावर. पेटीला कुलूप का लावत नाही असं नव्या साहेबांनी विचारलं, तर म्हणाले, "कुलपाच्या किल्ल्या गावात चार जनांकडं हायेत, सायेब. ह्या खिशाची कुनाकडं न्हाई."

चढायच्या आधी ते मला फोन करायचे. डीपीच्या एवढ्याशा कामाला सबस्टेशनला फोन करायची आमच्याकडं कुणाला सवय नव्हती. मामा एकटे करायचे, दरवेळी, आणि गावाचं नाव सोडलं तर दरवेळी तेच बोलायचे. "ताई, लिवा. पासलीचा डीपी. तिन्ही फ्यूज माज्या खिशात." मी वहीत लिहायचे, बाजूला वेळ टाकायचे. काम झालं की पुन्हा फोन. "ताई, लिवा. फ्यूज बसीवले." मी लिहिलं असं म्हणेपर्यंत ते फोन ठेवायचे नाहीत. सुरुवातीला मला याचा वैताग यायचा. भात करपत असायचा गॅसवर, एका हातात डबा, आणि हे पलीकडून विचारतायत, लिवलं का.

एकदा मी चिडवलं त्यांना. म्हटलं, "नाही लिहिलं तर काय फ्यूज पळून जाणार आहेत का खिशातून?"

"फ्यूज न्हाई पळत," मामा म्हणाले. "मानसं पळत्यात. येळ आली की म्हनत्यात, आमाला काय ठावं न्हाई. वहीला तसं म्हनता येत न्हाई."

मी हसले होते तेव्हा.

रागीट होते मामा. बुद्धाचा माणूस म्हणजे शांत, हळू बोलणारा, असं चित्र ज्यांच्या डोक्यात असतं त्यांनी मामांना बघायला हवं होतं. शिवी मात्र कधी ऐकली नाही मी त्यांच्या तोंडून. राग आला की ते दोर गुंडाळायला घ्यायचे. खांद्यावरचा दोर खाली टाकायचा, आणि कोपर आणि पंजा यांच्यामध्ये एकेक वेढा घेत पुन्हा गुंडाळायचा. समोरचा बोलतोय, बोलतोय, आणि मामांचे वेढे चाललेत. दोर संपला की मग बोलायचे, आणि एकच वाक्य बोलायचे.

तोरण्याच्या पायथ्याला पुण्याच्या लोकांचे बंगले झालेत. सुट्ट्या लागल्या की तिथं गाड्यांची रीघ. अशाच एका शनिवारी मामा खांबावर, आणि बंगल्यातला एक गृहस्थ हाफ चड्डीवर खाली येऊन उभा. पाहुणे आलेत, एसी बंद आहे, लाईट कधी येणार. मामा वरून म्हणाले, काम झालं की. तो म्हणाला, मी कोण आहे माहीत आहे का तुला? मामा म्हणाले, "न्हाई. हितं वर येऊन सांगा." मग त्यानं फ्यूज मागितले. म्हणे माझा वॉचमन बसवेल, तू तुझं काम कर. मामा काम पुरं करून खाली उतरले, दोर खाली टाकला, गुंडाळला. शेवटच्या वेढ्याला म्हणाले, "म्या वर आसताना फ्यूज मागितला तुमी. म्हंजे माजा जीव मागितला. आता तुमाला ठावं झालं, पुन्हा मागू नका." त्या माणसानं तक्रार केली, उर्मट वायरमन म्हणून. त्यांना जरा समजवा, असं मला ऑफिसातून सांगण्यात आलं. मी समजावलंही. लाज वाटते सांगायला, पण म्हणाले होते मी त्यांना, की मामा, जरा गोडीनं घेत जा.

एका वर्षी ऑफिसानं आमच्यासाठी व्यक्तिमत्त्व विकासाचं शिबिर ठेवलं. भोरला एका हॉलमध्ये, दिवसभर. टायवाला एक तरुण माणूस, हातात रिमोट. प्रत्येकानं उठून सांगायचं, पाच वर्षांनी तुम्ही स्वतःला कुठं बघता. कुणी म्हणालं प्रमोशन, कुणी म्हणालं पुण्यात फ्लॅट. मी काहीतरी बावळटासारखं बोलले, शिकत राहायचंय वगैरे. मामांची पाळी आली. उठले, हेल्मेट काखेत. म्हणाले, "जमिनीवर." सगळे हसले. त्या तरुणाला वाटलं यांना प्रश्न कळला नाही. त्यानं पुन्हा विचारलं, म्हणजे आयुष्यात कुठं पोचायचंय तुम्हाला, मामा? "खांबावरनं जमिनीवर," मामा म्हणाले. "रोज संध्याकाळी. पाच वर्सं न चुकता पोचलो तरी लई झालं." आणि बसले. तो तरुण म्हणाला, व्हेरी गुड, टाळ्या. आम्ही टाळ्या वाजवल्या.

आता दिवाळीच्या ड्युट्यांचं सांगते. हे सांगताना माझे कान तापतात. दर वर्षी चार्ट लागायचा. धनत्रयोदशीपासून भाऊबीजेपर्यंत ज्याला त्याला सुट्टी हवी. आणि दर वर्षी कुणीतरी म्हणायचं, ओव्हाळ आहेतच की, त्यांची कुठं असते दिवाळी. मग पाचही दिवस त्यांचं नाव. त्यांना कुणी विचारायचं नाही. पहिल्या वर्षी मी नवी होते, मला भाऊबीजेला किकवीला माहेरी जायचं होतं, आणि मामा आहेत म्हणून माझीही सोय झाली. मी खूश.

एकदाच ते बोलले. चार्ट भिंतीला चिकटवत होते, आणि मामा दोर गुंडाळत उभे. "माजी दिवाळी न्हाई हे खरं," ते म्हणाले. "पन म्या एक दिस मागतो, त्यो का न्हाई दिला कुनी?"

तो दिवस म्हणजे आश्विन पौर्णिमा. पावसाळ्याचे तीन महिने त्यांच्या गावच्या विहारात रोज संध्याकाळी ग्रंथ वाचतात. पत्र्याचं साधं विहार आहे, वीसपंचवीस माणसं बसतील एवढं. वाचणारे मामा. दिवसभर खांबावर ओरडून बसलेला आवाज, पण ग्रंथ हातात घेतला की नीट, शब्द न् शब्द वेगळा. पौर्णिमेला सांगता होते, शेवटची पानं वाचली जातात, सगळ्या गावाला खीर. तीन महिने मामांनी वाचायचं, आणि सांगतेला दुसऱ्याच कुणीतरी. कारण दिवाळीच्या आधी फांद्या तोडायच्या, लाईनी नीट करायच्या असतात, त्या दिवसांत रजा नाही. दर वर्षी अर्ज करायचे. मी बघितलेल्या वर्षांत एकदाही मंजूर झाला नाही. आमच्या दिव्यांसाठी त्यांची पौर्णिमा जायची, आणि वर आम्ही म्हणायचो, यांना कुठं सण असतो.

मामांना आमच्या पूजाअर्चेचं वावडं नव्हतं. दसऱ्याला ऑफिसात हत्यारांची पूजा व्हायची, तेव्हा ते बाजूला उभे राहायचे, पेढा घ्यायचे. पण आपली पक्कड पूजेत ठेवायचे नाहीत. ती रोज तेलाच्या फडक्यानं पुसलेली असायची. लक्ष्मीपूजनाला मी कंट्रोल रूममध्ये वहीची पूजा करायचे. माझ्या वडलांचं किकवीला खताचं दुकान, तिथं वहीपूजन मोठं, लहानपणापासून अंगवळणी पडलेलं. दुपारीच पाट मांडायचा, रांगोळी काढायची, आमची नोंदवही त्यावर ठेवायची, हळदकुंकू, झेंडू, वर बत्तासे. पूजेत बसलेली वही पूजा होईपर्यंत हलवायची नाही, तीत लिहायचं नाही. मधले आकडे कागदाच्या चिठोऱ्यावर टिपून ठेवायचे आणि नंतर उतरवायचे.

अपघाताच्या आदल्या वर्षी मी पाट मांडत असतानाच मामा आत आले. पाटाकडं बघितलं, आणि म्हणाले, "ताई, दुसरी कोरी वही ठिवा पूजेला. ही टेबलावर पायजे."

मला राग आला. अगदी मनापासून आला. वाटलं, यांना आमच्या देवाधर्माचं काय पडलंय. यांना तर कशावरच कुंकू चालत नाही. मी म्हणाले, "संध्याकाळपर्यंतचाच तर प्रश्न आहे, मामा." त्यांनी दोर पुन्हा गुंडाळला, हे मला आज आठवतं.

पुढच्या वर्षी लक्ष्मीपूजनाला मी ड्युटीवर होते. साडेपाच वाजले होते. पाट मांडून झाला होता, वही त्यावर होती. समईत तेल घालत होते आणि मामांचा फोन आला. एका वाडीवर खांबावरचा जोड जळाला होता. वाडीचं नाव मी लिहीत नाही. अर्ध्या वाडीत अंधार, अर्ध्या वाडीत लाईट. जोड दुरुस्त करायचा तर सगळ्या वाडीची वीज घालवायलाच हवी होती.

"ताई, लिवा. तिन्ही फ्यूज माज्या खिशात."

मी म्हटलं, "मामा, वही पूजेत आहे. नंतर लिहिते."

फोनमध्ये लांबून फटाके ऐकू येत होते.

"कागदावर तरी लिवा."

"हो हो, लिहिते. तुम्ही चढा."

माझ्या हाताला तेल लागलं होतं. चिठोरा टेबलावर होता, पेन कुठं दिसेना. म्हटलं, लिहू. दोन पावलांवर वही होती. झेंडूचं फूल बाजूला करायचं आणि वही उचलायची, एवढंच काम होतं. देव काही माझ्यावर कोपणार नव्हता. मी समई लावली.

पाऊण तासानं मामांच्या नंबरवरून पुन्हा फोन आला. मला वाटलं, फ्यूज बसवले हे सांगायला असणार. हळदीचं बोट पदराला पुसून मी फोन घेतला. आवाज दुसऱ्याचाच होता. तुमचा माणूस पडलाय, म्हणाला.

काय झालं ते मला पुढं वाडीतल्याच एकानं खासगीत सांगितलं. वाडीच्या तोंडाशी एक किराणा दुकान आहे. त्या दुकानाकडची लाईट मुळात चालू होती. दारावर माळा, मोठा स्पीकर, गिऱ्हाईक, पूजेची मांडणी, आणि मामांनी फ्यूज काढल्याबरोबर सगळं बंद. दुकानदारानं थोडा वेळ वाट बघितली. मग त्याला वाटलं, काम तर पार त्या टोकाला चाललंय, इकडची लाईट लावली तर काय बिघडतं. डीपी उघडला, फ्यूजच्या जागी तारेचे तुकडे अडकवले आणि पेटीतला खटका वर केला. दुकान उजळलं. त्या टोकाला मामांचा उजवा हात तारेवर होता.

जीव वाचला. हात कोपरापासून काढावा लागला.

दुसऱ्या दिवशी पाडवा. साहेब सकाळीच आले. वही अजून पाटावरच होती, मला उचलायचं धाडस झालं नव्हतं. त्यांनी फूल बाजूला केलं, बत्तासे टेबलावर ठेवले, पानं उलटली. ओव्हाळांची नोंद कुठं आहे, विचारलं. मी म्हटलं, वही पूजेत होती. त्यांनी दार लोटून घेतलं आणि हळू आवाजात म्हणाले, "हे बाहेर बोलू नका. फोन आलाच नाही म्हणा. ओव्हाळ न कळवता चढले, फ्यूज काढायचं विसरले. वाडीतले लोकही तेच म्हणतायत. तुमच्यावर काही येत नाही."

वाडीतले लोक खरंच तेच म्हणत होते. आमच्याकडं लाईट सतत चालूच होती, ओव्हाळ चालू लाईनवर चढला. तारेचे तुकडे कुणीतरी काढून टाकले होते आणि डीपीत रातोरात नवे फ्यूज बसले होते. दुकानदाराला वाचवायला अख्खी वाडी एक झाली. ज्या वाडीत मामांनी भर पावसात गुडघाभर चिखलातून जाऊन वीज आणली होती, ती ही वाडी. आणि मी साहेबांसमोर काय केलं? मान हलवली. तो सगळा दिवस गप्प राहिले. पाडव्याला नवऱ्याला ओवाळलं, पुरी तळली, ताट मांडलं.

भाऊबीजेला किकवीला गेले नाही. एसटीनं पुण्याला दवाखान्यात गेले. शेवंता मामी बाहेर बाकावर बसल्या होत्या, मांडीवर प्लास्टिकची पिशवी. दवाखान्यात मामांची विजार कापून काढली होती, ती पिशवीत घालून दिली होती. मामींनी विजार बाहेर काढून मला खिसा दाखवला. दोन्ही बटणं लावलेली. आत तीन फ्यूज.

मामा जागे होते. मला बघून पहिला प्रश्न विचारला, "लिवलं का?"

मी रडायला लागले. म्हटलं, "आता लिहिते, मामा. त्या पानावर खाली जागा शिल्लक आहे. साडेपाचची वेळ टाकते. कुणाला कळणार नाही."

"खोटं लिवायचं न्हाई."

"खोटं कुठं आहे? तुम्ही फोन केलाच होता."

"म्या फोन केला ह्ये खरं. तुमी तवा लिवलं ह्ये खोटं." त्यांना धाप लागत होती, पण आवाज तोच, ग्रंथ वाचतानाचा, शब्द न् शब्द वेगळा. "काय झालं त्येच लिवा. फोन आला. वही पाटावर हुती. म्हनून लिवलं न्हाई. आसं लिवा."

"मामा, माझी नोकरी जाईल."

ते छताकडं बघत होते. "माजा हात गेला," म्हणाले.

परत येऊन वहीत लिहिलं. त्या दिवशीच्या पानावर नाही, भाऊबीजेच्या पानावर. फोन साडेपाचला आला होता, फ्यूज काढल्याचं मला सांगितलं होतं, वही पूजेत असल्यानं मी नोंद केली नाही, चूक माझी आहे. खाली सही. साहेबांनी ते वाचलं आणि आठवडाभर माझ्याशी बोलले नाहीत. चौकशी झाली. मामींनी पिशवी नेऊन टेबलावर ठेवली. चौकशीवाल्यांनी फ्यूज हातात घेऊन बघितले आणि म्हणाले, फ्यूज काय, बाजारात कुठंही मिळतात. हे त्या बाईच्या तोंडावर म्हणाले, जिनं तो खिसा शिवला होता. मी तिथंच होते, आणि त्या टेबलावरचा पेपरवेट उचलून फेकावासा वाटला मला. फेकला नाही. मला मेमो मिळाला, नोकरी राहिली. अहवालात मामांबद्दल एकच ओळ आली. वेळेवर नोंद नसल्याने फ्यूज काढले होते किंवा कसे, याची खात्री करता येत नाही.

लोक माझी समजूत घालतात. तू लिहिलं असतंस तरी अपघात टळला नसता. माहीत आहे मला. हात वाचला नसता. नाव वाचलं असतं. आयुष्यभर न चुकता फ्यूज खिशात घालणाऱ्या माणसाच्या नावापुढं ती ओळ लागली नसती.

आमच्यातलेच एक जण मामांना घरी भेटायला गेले होते, सफरचंदं घेऊन. म्हणाले, झालं गेलं विसरा, तुम्ही बुद्धाची माणसं, त्या दुकानदाराला माफ करा. मामींनी मला हे नंतर सांगितलं. मामांनी दोराकडं हात नेला म्हणे. दोर भिंतीला टांगलेला होता, आणि एका हातानं तो गुंडाळता येत नाही. मग हात परत मांडीवर घेतला आणि म्हणाले, "माफी मागाया तर येऊ द्या कुनाला." कुणीही आलेलं नाही. ते दुकान चालू आहे. मी दोनदा गाडीवरून त्याच्या समोरून गेले आहे आणि दोन्ही वेळा तोंड फिरवलं आहे.

त्यानंतरच्या दिवाळीत, लक्ष्मीपूजनालाच, मामा सबस्टेशनवर आले. नोकरीतून आधीच मोकळे झाले होते. दुपारच्या एसटीनं आले, एकटेच. डोक्यावर हेल्मेट नव्हतं, टोपी होती, त्यामुळं फाटकातून आत येताना मी क्षणभर ओळखलंच नाही. शर्टाची उजवी बाही दुमडून पिनेनं अडकवलेली. विजार नवी होती, पण उजव्या मांडीवर तोच जाड कापडाचा खिसा. मामींनी जुन्यावरचा उसवून नव्यावर लावला होता.

मी खुर्ची पुढं केली. चहा टाकते म्हटलं. फराळाचा डबा उघडला. ते बसले नाहीत. आधी भिंतीकडच्या कोपऱ्यात बघितलं, जिथं मी पाट मांडायचे. तिथं काही नव्हतं. मग टेबलाकडं बघितलं. वही तिथं उघडी होती.

"यंदा सांगतेला म्याच वाचलं," उभ्याउभ्याच म्हणाले. "रजंचा अर्ज करावा लागला न्हाई." हसले नाहीत. मलाही हसू आलं नाही. मग डाव्या हातानं, अंग वळवून, उजव्या मांडीवरची बटणं काढायला लागले. एका हातानं, तेही उलट्या बाजूनं, जमेना. मी पुढं झाले, तर मान हलवून नको म्हणाले. वेळ लागला. दोन्ही बटणं निघाली, आणि त्यांनी एकेक करून तीन फ्यूज टेबलावर ठेवले. एकाचा कान उडालेला होता, मामा पडले त्या दिवशी.

"ऑफिसचा माल हाय. जमा करून घ्या," म्हणाले. "लिवा."

मी म्हटलं, "बसा तरी, मामा. चहा होतोय, मग लिहिते."

"आदी लिवा."

मी पेन घेतलं. लिहिलं, शिवराम ओव्हाळ यांच्याकडून तीन फ्यूज जमा. त्यांनी वाकून वाचलं, ओठ हलवत. "कुठनं आनले त्ये लिवा." मी पुढं लिहिलं, त्या वाडीच्या डीपीचे, अपघाताच्या वेळी त्यांच्या खिशात असलेले. "येळ टाका." घड्याळात बघून वेळ टाकली. मग त्यांनी माझ्या हातातून पेन घेतलं आणि डाव्या हातानं सही केली. पहिलीतल्या मुलाची असावी तशी, ओळीच्या खाली घसरत गेलेली. सही झाल्यावर पुन्हा एकदा सगळं वाचलं, पहिल्या शब्दापासून.

"वरीस लागलं," म्हणाले. "पन झाली नोंद."

चहा घेतला त्यांनी, उभ्यानंच, आणि एक चकली. ती नोंद कुणी वाचणार नाही, अहवाल बदलणार नाही, हे त्यांनाही माहीत होतं आणि मलाही. परतीच्या एसटीची वेळ झाली म्हणून निघाले. आता ते लेकीकडं असतात असं ऐकते, मी गेलेले नाही. काय तोंड घेऊन जाऊ.

त्या दिवशी खिडकीतून त्यांना फाटकापर्यंत जाताना बघितलं. फाटकाशी थांबले, आणि डावा हात पोटावरून उजव्या मांडीवर नेला. खिशात आता काही नव्हतं. तरी दोन्ही बटणं लावली, एकेक करून, सावकाश, आणि मग रस्ता ओलांडला.